बाळबोध पानाचे अर्थशास्त्र

जून महिना उजाडला की महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे रांगा लागतात. प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरले जाऊ लागले तेव्हा या रांगा आटतील, अशी अपेक्षा होती. त्या काहीशा आटल्याही. परंतु नाहीशा मात्र झाल्या नाहीत. खिडकीपाशी उभा असलेला विद्यार्थी आता अर्ज मागायला आलेला नसतो, तर मोबाइलवर आलेल्या सूचनेचा अर्थ विचारायला आलेला असतो. सूचना त्याच्या हातातच असते. पण ती कागदावर टंकून, सही-शिक्का उमटवून आणि मग त्या कागदाचे छायाचित्र काढून पाठविलेली असते. अक्षरे मोठी करावीत तर ओळ पडद्याबाहेर जाते. ओळ पडद्यात बसवावी तर अक्षरे मुंग्यांसारखी दिसतात. अखेरची तारीख सातव्या परिच्छेदाच्या पोटात दडलेली असते आणि जोडावयाच्या कागदपत्रांची यादी एकाच लांबलचक वाक्यात स्वल्पविरामांनी बांधलेली असते. खिडकीमागचा लिपिक तेच उत्तर दिवसातून पन्नास वेळा देऊन वैतागतो, विद्यार्थ्याचा दिवस वाया जातो आणि दोघेही एकमेकांना दोष देतात.

वास्तविक दोष त्या दोघांपैकी कोणाचाच नसतो. दोष पानाचा असतो. पान म्हणजे केवळ पुस्तकाचे पान नव्हे. परिपत्रक, अर्ज, वेळापत्रक, दिनदर्शिका, वृत्तपत्र आणि आता मोबाइलच्या पडद्यावर उलगडणारा मजकूर ही सर्व पानेच होत. त्यांवर काय लिहावे याचा विचार पुष्कळ होतो. ते कसे मांडावे याचा विचार मात्र छापखान्यावर, संगणकचालकावर किंवा दैवावर सोडला जातो. मांडणी म्हणजे वरची सजावट, वेळ आणि पैसा उरला तर करावयाची, अशी एक समजूत त्यामागे असते. ही समजूत चुकीची आहे आणि महागही आहे. तिची किंमत ती बाळगणाऱ्यास मोजावी लागत नाही, एवढ्यामुळेच ती टिकून राहिली आहे.

मोडी आणि बाळबोध

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मराठीने शेकडो वर्षे दोन लिप्या सांभाळल्या आणि त्या दोहोंमधील फरक हाच या विषयाचा पहिला धडा आहे. मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी होती. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यावी आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता भरभर लिहीत सुटावे, अशी तिची रीत. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि शब्दाशब्दांत अंतरही सोडले जात नसे. दप्तरातील कारकुनाचा वेळ त्यामुळे वाचे. आणि ते योग्यही होते. कारण वाचणारा बहुधा त्याच दप्तरातला, त्याच व्यवहारात मुरलेला दुसरा कारकून असे. अर्थाचा जो भाग कागदावर नसे, तो त्याच्या डोक्यात असे.

देवनागरीला मात्र मराठी माणसाने ‘बाळबोध’ असे नाव दिले. बालकालाही बोध व्हावा अशी ती लिपी. तीत लिहिण्यास वेळ अधिक लागतो, प्रत्येक अक्षर सुटे काढावे लागते; परंतु वाचणाऱ्याचे काम हलके होते. पोथ्या बाळबोधीत लिहिल्या जात, कारण त्या कोणाच्याही हाती पडणार असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छपाई आली तेव्हा बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांच्या खटपटीने मोडीचेही खिळे पाडले गेले. पण छापील मराठी अखेर बाळबोधीतच स्थिरावली. वाचक अनोळखी झाला, दूरचा झाला, आणि त्याच्या डोक्यात काय आहे यावर विसंबणे अशक्य झाले, हे त्यामागचे एक कारण म्हणता येईल. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी अशी मांडणी त्यांनी स्वीकारली. ही केवळ दोन भाषांची सोय नव्हती. वाचणारा कोण आहे, हे आधी ठरवून मग पानाची घडण करण्याचा तो प्रयत्न होता.

यातून निघणारा नियम साधा आहे. वाचणारा घरचा असेल तर लिहिणाऱ्याने श्रम वाचवले तरी चालते. वाचणारा परका असेल तर ते श्रम लिहिणाऱ्यानेच करावे लागतात. आजच्या अनेक सूचना आणि परिपत्रके लिपीने बाळबोध असली तरी वृत्तीने मोडी आहेत. ती फाइलीसाठी लिहिली जातात आणि लोकांना पाठवली जातात.

वेळेचा हिशेब

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीचे सूत्र दिसेल. हर्बर्ट सायमन या अमेरिकी विचारवंताने १९७१ मध्ये असे दाखवून दिले की, जेथे माहितीची विपुलता असते तेथे तुटवडा माहितीचा नसतो, माहिती जे गिळंकृत करते त्या अवधानाचा असतो. सायमन यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा हा विचार मांडला गेला तेव्हा घरोघरी संगणक नव्हते आणि खिशात पडदा नव्हता. आज तो विचार प्रत्येकाच्या दिनक्रमात उतरला आहे. अवधान दुर्मीळ असेल तर ते वाया घालवणे ही उधळपट्टी ठरते. आणि उधळपट्टी दुसऱ्याच्या मालमत्तेची असेल तर तिला अधिक कठोर शब्द वापरावा लागेल.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. समजा, एका विद्यापीठाची सूचना बारा हजार विद्यार्थ्यांना वाचावयाची आहे. मांडणी गबाळी असल्यामुळे प्रत्येकाची पाच मिनिटे अधिक खर्च झाली, तर एकूण साठ हजार मिनिटे, म्हणजे एक हजार तास झाले. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला तर हे सव्वाशे दिवस भरतात. तारीख सर्वांत वर, कागदपत्रांची यादी एकाखाली एक आणि शंकांसाठी कोणाकडे जावे हे अखेरीस, अशी मांडणी करण्यास कार्यालयाला अर्धा तास अधिक लागला असता. अर्धा तास वाचवण्यासाठी हजार तास खर्ची पडले. कोणताही व्यापारी असा सौदा करणार नाही. पण येथे सौदा होतो, कारण वाचलेला अर्धा तास एकाच्या खात्यात जमा होतो आणि हजार तासांचा खर्च बारा हजार जणांच्या खात्यांवर पाच-पाच मिनिटांनी नावे पडतो. पाच मिनिटांसाठी कोणी तक्रार करीत नाही.

आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये आपल्या कल्याणकारी अर्थशास्त्रावरील ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीचे विवेचन केले. गिरणीच्या धुराने शेजाऱ्यांचे नुकसान होते, पण ते गिरणीच्या जमाखर्चात दिसत नाही, हे त्याचे शालेय उदाहरण. वाईट मांडलेले पान हाही एक प्रकारचा धूरच आहे. तो मांडणाऱ्याच्या हिशेबात येत नाही.

शिवाय हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी कोणी शिकलेले आहे, संगणक आहे, विचारायला ओळखीचा माणूस आहे, तो किचकट पानातूनही वाट काढतो. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, तो अर्ज भरून देणाऱ्या दुकानात जातो, पैसे मोजतो, एक दिवसाची मजुरी बुडवतो आणि तरीही एखादा रकाना चुकला तर शिष्यवृत्तीला मुकतो. जो कर गरिबावर अधिक आणि सधनावर कमी पडतो, त्याला अर्थशास्त्रात प्रतिगामी कर म्हणतात. दुर्बोध पान हा असाच एक कर आहे. तो कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नाही आणि कोणत्याही अंदाजपत्रकात तो दाखवला जात नाही, इतकेच.

पंचांग तेच, पान नवे

सोयीचे पान म्हणजे रुक्ष पान, अशी एक शंका येथे घेतली जाईल. तिचे उत्तर मराठी घरांच्या भिंतींवरच टांगलेले आहे. पंचांग छापण्याची परंपरा मराठीत जुनी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. परंतु पंचांगाचे पान हे जाणकाराचे पान होते. बारीक कोष्टके, संक्षिप्त खुणा आणि आकड्यांच्या ओळी; ते वाचून दाखवायला जोशीबुवाच लागत. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले, तेव्हा तिथी, नक्षत्रे, सण आणि उपवास ही माहिती नवी नव्हती. नवे होते ते पान. दुरून दिसेल असा तारखेचा मोठा आकडा, त्याच्याजवळ तिथी, सणाचे नाव त्याच चौकटीत आणि पाठीमागे वाचनीय मजकूर. ज्याला फक्त तारीख हवी त्याला ती खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसते. ज्याला एकादशी हवी तो दोन पावले पुढे येतो. ज्याला मजकूर वाचायचा तो दिनदर्शिका हाती घेतो. एकाच पानावर तीन अंतरांवरच्या तीन वाचकांची सोय आहे.

आणि त्या चौकटींत घराघरांतून दुधाचा खाडा, गॅसचे सिलिंडर आल्याची तारीख आणि मुलांच्या परीक्षा नोंदल्या जाऊ लागल्या. वाचकाला स्वतःचे काही लिहावेसे वाटावे, इतके ते पान त्याचे झाले. आकर्षकपणा म्हणतात तो हाच. आकर्षकपणा म्हणजे पहिल्या क्षणी डोळे दिपवणे नव्हे. पुन्हापुन्हा त्या पानाकडे वळावेसे वाटणे होय.

चित्रांच्या बाबतीतही हेच खरे. व्हिएन्नातील अर्थशास्त्रज्ञ ऑटो न्यूराथ यांनी १९२५ मध्ये तेथे समाज आणि अर्थव्यवहार यांचे एक संग्रहालय उभारले. कामगारवर्गाला आकडेवारी समजावी, हा त्यांचा हेतू. त्यांनी चित्रांचा मुक्तहस्ते वापर केला, परंतु एका शिस्तीने. संख्या दुप्पट झाली तर माणसाचे चित्र दुप्पट मोठे काढावयाचे नाही, तेच चित्र दोनदा काढावयाचे. म्हणजे पाहणाऱ्याला मोजता येते आणि फसगत होत नाही. त्यांच्या पानावरील चित्रे सुंदर होती, पण एकही चित्र निरुद्योगी नव्हते. आज सूचनांच्या कडेला फुलांच्या वेली, शुभेच्छांच्या तसबिरी आणि लुकलुकणारे तारे दिसतात. ती चित्रे जागा घेतात, काम करीत नाहीत. दोहोंतील फरक सुंदर आणि कुरूप असा नाही. कामकरी आणि ऐतखाऊ असा आहे.

दोन निवडणुका

पानाच्या मांडणीचे परिणाम कोठवर जाऊ शकतात, हे दोन निवडणुकांच्या उदाहरणांवरून दिसेल. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली, तेव्हा मतदारांची संख्या सतरा कोटींवर होती आणि १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. नावे वाचू न शकणाऱ्यांकडून मतदान कसे करून घ्यावयाचे, हा प्रश्न पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे होता. उमेदवारागणिक वेगळी पेटी आणि तीवर त्याचे चिन्ह, असा मार्ग काढण्यात आला. मतदाराने आधी साक्षर व्हावे आणि मग मत द्यावे, असे म्हटले गेले नाही. व्यवस्थेने मतदाराच्या पातळीवर यावे, असे ठरले. बैलजोडी, झोपडी, दिवा ही चिन्हे म्हणजे सजावट नव्हती. ती लोकशाहीची बाळबोध होती.

याच्या उलट उदाहरण जगातील सर्वांत संपन्न देशाचे आहे. अमेरिकेत २००० साली झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात मतपत्रिकेवरील उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर आणि छिद्रे पाडण्याच्या जागा मधल्या एकाच रांगेत, अशी मांडणी केली गेली. डाव्या पानावरील दुसऱ्या नावासमोर दुसरे नव्हे तर तिसरे छिद्र येत होते. दोन हजारांहून अधिक मतदारांनी एकाला द्यावयाचे मत चुकून दुसऱ्यालाच दिले, असा निष्कर्ष पुढे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी काढला. संपूर्ण राज्याचा, आणि त्यायोगे अध्यक्षपदाचा निकाल लागला तो ५३७ मतांच्या फरकाने.

यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ती मांडणी कोणी दुष्ट हेतूने केली नव्हती. वृद्ध मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी केली गेली. अक्षरे मोठी केल्याने नावे एका पानावर मावेनात. म्हणून ती दोन पानांवर गेली. हेतू सोयीचा, परिणाम गैरसोयीचा. वाचकाची सोय कशात आहे हे मांडणाऱ्याने खोलीत बसून ठरवून चालत नाही. चार खऱ्या वाचकांपुढे पान ठेवून ते कोठे अडखळतात, हे पाहावे लागते.

देवनागरीची मागणी

मराठी पानापुढे आणखी एक अडचण आहे. पडद्यावरील पानांचे तयार साचे बहुधा रोमन लिपीच्या मापाने घडवलेले असतात आणि त्यांत देवनागरी अक्षरे ओतली जातात. रोमन अक्षराच्या डोक्यावर फारसे काही नसते. देवनागरीच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात, पायाशी उकार असतो, आणि जोडाक्षरे खाली उतरतात ती वेगळीच. तेवढ्याच उंचीच्या जागेत ही तीन मजली इमारत बसवावयाची, म्हणून मूळ अक्षर लहान होते. दोन ओळींत रोमनइतकेच अंतर ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. तेव्हा मराठी मजकुराला अक्षर एक माप मोठे आणि ओळींतील अंतर अधिक, हा चैनीचा नव्हे, गरजेचा भाग आहे.

इतरही काही परकी वळणे अशीच तपासली पाहिजेत. अक्षरे फाकवून शीर्षक सजवण्याची रीत रोमनमध्ये शोभते. देवनागरीत तिने शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. तिरपी अक्षरे हे देवनागरीचे स्वतःचे वळण नव्हे. पुस्तकाच्या रुंद पानावर दोन्ही कडा सरळ ठेवलेला मजकूर शोभतो. मोबाइलच्या अरुंद पट्टीत मराठीच्या लांब सामासिक शब्दांमुळे तसे केले की शब्दांत भगदाडे पडतात. तेथे उजवी कडा वेडीवाकडी राहू द्यावी, हेच बरे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे पाहण्यास नाजूक वाटतात, परंतु उन्हात, जुन्या पडद्यावर आणि चाळिशीनंतरच्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक २००८ पासून आहे. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये काढली आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही माहिती सर्वांना सुगम असावी असे सांगतो. नियमांची उणीव नाही. उणीव आहे ती नियम आणि रोजची सूचना यांच्यामधील माणसाने थोडा विचार करण्याची.

या संदर्भात कागदाचे छायाचित्र पाठवण्याच्या प्रथेचा विशेष निषेध केला पाहिजे. अशा पानातला शब्द सहजी शोधता येत नाही, मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वळत नाही, आणि अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणा बहुधा तेथे मुकी होते. हीच गत जुन्या, प्रमाणेतर टंकांत लिहिलेल्या मजकुराची. एका संगणकावर शुद्ध मराठी दिसणारी फाइल दुसऱ्यावर उघडली की निरर्थक रोमन चिन्हांची रास होते, हा अनुभव ज्याला नाही असा शिक्षक किंवा लिपिक क्वचितच सापडेल. सर्व लिप्यांना सामावून घेणारी युनिकोड ही संकेतपद्धती १९९१ मध्ये आली आणि तीत देवनागरीला पहिल्यापासून स्थान आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज प्रणालीबरोबर घराघरांत पोचला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ टंक तर विनामूल्य उपलब्ध आहे. साधने नसल्याची सबब आता उरलेली नाही.

आक्षेप आणि मर्यादा

या सर्व विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मजकूर उत्तम असेल तर वाचक कसाही वाचतो; मांडणीचे एवढे स्तोम कशाला? हे अंशतः खरे आहे. ज्ञानाची तहान असलेला विद्यार्थी फाटक्या, पिवळ्या पुस्तकातूनही शिकतो. परंतु त्या विद्यार्थ्याच्या चिकाटीचे श्रेय मांडणाऱ्याने घेऊ नये. शिवाय सोपे पान म्हणजे उथळ मजकूर नव्हे. विषय कठीण असेल तर वाचकाने बुद्धी शिणवावी, हे योग्यच आहे. त्याची शक्ती विषयाशी झुंजण्यासाठी राखता यावी म्हणूनच ती अक्षरे हुडकण्यात खर्च होऊ नये. पान जितके सोपे, तितका मजकूर कठीण असण्याची मुभा अधिक.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पडद्यावरील बहुतेक पाने वाचकाला फुकट मिळतात. त्यांचा खर्च जाहिरातदार देतो, म्हणून पान त्याच्या सोयीने मांडले जाते. मजकुरावर झेपावणाऱ्या चौकटी, हलणाऱ्या पट्ट्या, वाचता वाचता खाली सरकणारा परिच्छेद हे अपघात नव्हेत. तो व्यवहार आहे. वाचक तेथे ग्राहक नसतो, विकला जाणारा माल असतो. हे वास्तव आहे आणि सदिच्छेने ते बदलणार नाही. परंतु बाजाराचेही एक शहाणपण असते. गिऱ्हाइकाला वाट सापडू न देणारा दुकानदार एक दिवस माल खपवील. ते गिऱ्हाईक परत येणार नाही. आणि जी पाने बाजारासाठी नाहीत, म्हणजे शाळा-महाविद्यालयांची, ग्रंथालयांची, कार्यालयांची, किंवा हौसेने स्वतःचे लेखन पडद्यावर मांडणाऱ्या शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची, त्यांना तर जाहिरातदाराची सबबही नाही. त्यांनी बाजारी पानांची नक्कल करून लुकलुकणारे तारे लावावेत, यासारखी विसंगती नाही.

सौजन्याची रीत

करावयाचे काय, हे फार अवघड नाही. पान मांडण्यापूर्वी वाचणारा कोण आणि तो काय शोधत आला आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. तो जे शोधतो ते सर्वांत वर ठेवावे. एका परिच्छेदात एक मुद्दा, जेथे यादी आहे तेथे यादी, जेथे कोष्टक आहे तेथे कोष्टक. दोनपेक्षा अधिक टंक आणि तीनपेक्षा अधिक रंग वापरण्यापूर्वी त्यांचे काम काय, हे स्वतःलाच विचारावे. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, ही कागद महाग असतानाची समजूत सोडावी. पडद्यावर ती जवळजवळ फुकट मिळते आणि डोळ्यांना विसावा देते. पान लहानात लहान आणि जुन्यात जुन्या मोबाइलवर उघडून पाहावे, कारण ज्याला त्या सूचनेची गरज सर्वाधिक असते त्याच्यापाशी बहुधा तोच असतो. आणि अखेरीस, पान प्रसिद्ध करण्यापूर्वी कार्यालयातील शिपायाला आणि पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला ते वाचावयास द्यावे. ते जेथे थांबतील, तेथे दुरुस्ती करावी.

यासाठी नवे खाते, नवा निधी किंवा समिती नेमण्याची आवश्यकता नाही. लागतो तो अर्धा तास, आणि समोरच्या अनोळखी माणसाच्या वेळेला किंमत आहे ही जाणीव. पाहुण्याला दारातच चपला कोठे काढाव्यात आणि बसावे कोठे हे कळावे, अशी घराची मांडणी असावी, असे जुनी माणसे मानीत. तिला कोणी सजावट म्हणत नसे. ते आगतस्वागत समजले जाई. पानाची मांडणी हेही वाचकाचे आगतस्वागतच आहे. जूनमध्ये खिडकीपुढची रांग किती लांब असेल, हे मे महिन्यात कोणीतरी मांडलेल्या एका पानावर अवलंबून असते. ते पान बाळबोध असेल तर रांगेतल्या शेवटच्या मुलाचा दिवस वाचेल. वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्याला त्याचे अप्रूप वाटणार नाही. पण शिष्यवृत्तीवाचून ज्याचे शिक्षण अडते, त्याच्यापुरता तरी तो एक दिवस फार मोठा असतो.